दमा आटोक्यात आहे हे कशावरून ठरवायचं?

अर्धविराम
शाळेत असल्यापासून दमा आहे. मोठा झटका येऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे कोणी विचारलं की मी बेधडक सांगतो, 'आता काही त्रास नाही.' परवा नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी 'बरं आहे ना?' असं न विचारता भलतंच विचारायला सुरुवात केली. पहाटे खोकल्याने जाग येते का? जिना चढताना मध्ये थांबता का? लगेच आराम देणारा पंप शेवटचा कधी मारला?

पहाटे जाग येते अधूनमधून. पंप आठवड्यातून तीन-चारदा लागतोच. फुटबॉल सुटला, पण तो वयामुळे सुटला असं मी धरून चाललो होतो. बाई म्हणाल्या, हा दमा आटोक्यात नाही.

मला हे पुरतं पटलेलं नाही. दमा म्हटल्यावर एवढं चालायचंच की नाही? इथे दमेकरी आणि त्यांच्या घरचे बरेच आहेत, म्हणून विचारतो. आटोक्यात आहे हे तुम्ही कशावरून ठरवता? बरं वाटत असतानाही रोजचा पंप घ्यायचाच का? आणि घरात केलेल्या कुठल्या बदलाने खरंच फरक पडला?

खारूताई
>> दमा म्हटल्यावर एवढं चालायचंच

हे वाक्य आमच्या सासूबाईंचं. त्यांना विचारलंत तर त्रास शून्य. कारण ज्याने त्रास होईल असं काही त्या करतच नाहीत. जिना नाही, फिरायला जाणं नाही, नातवाच्या मागे धावणं नाही, मोठ्याने हसणंसुद्धा नाही, हसलं की ढास लागते. दम्याला जागा करून देत देत स्वतः कोपऱ्यात सरकल्यात. तुमचं फुटबॉलचं वाचून तेच आठवलं.

टवाळखोर
मोठ्याने हसायचं नाही? मग या धाग्यावर मी तोलूनमापून लिहीन.

कंदील
>> टवाळखोर

तुझे विनोद वाचून कुणाला ढास लागल्याची नोंद नाही. निर्धास्त लिही.

श्वासमापक
छातीच्या विकारांच्या विभागात परिचारिका आहे. इथे लिहिते ते तुमच्या डॉक्टरांच्या जागी समजू नका.

अर्धविराम, त्या बाईंनी विचारलं ते मनाचं नव्हतं. जगभर वापरतात असे चार प्रश्न आहेत आणि ते गेल्या चार आठवड्यांपुरते विचारायचे. दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का? दम्यामुळे रात्री एकदा तरी जाग आली का? आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे काही करायचं टाळलंत का? चारही उत्तरं 'नाही' असतील तर आटोक्यात. एक-दोन 'हो' असतील तर अर्धवट. तीन किंवा चार 'हो' म्हणजे आटोक्यात नाही. झटका कधी आला होता हा प्रश्न वेगळा, तोही विचारतात, पण या चारात तो नाही.

पेशंट 'बरं आहे' म्हणतात त्यात खोटेपणा नसतो. सवय झालेली असते. सारखी घरघर असलेल्या माणसाला घरघर ऐकू येईनाशी होते.

नाठाळ
हे सगळं माणसाला कायमचं औषधाला जुंपण्यासाठी आहे असं माझं स्पष्ट मत. ज्याला त्रास होतोय त्याने पंप मारावा, विषय संपला. बरं वाटत असताना रोज स्टिरॉइड ओढायचं म्हणजे हाडं ठिसूळ, अंगावर सूज, आणि एकदा सवय लागली की सुटत नाही. माझ्या काकांचे हाल पाहिलेत.

भरती_ओहोटी
+१. स्टिरॉइड म्हटलं की मलाही धास्तीच वाटते.

श्वासमापक
नाठाळ, तुमचे काका गोळ्या घेत होते का? विचारतेय कारण सगळी गल्लत तिथे होते. मोठ्या झटक्यात प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी देतात ती मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 40 मिलिग्रॅम. रोजच्या पंपातलं स्टिरॉइड, म्हणजे ब्युडेसोनाइड, कमी मात्रेत दिवसाला 200 ते 400 मायक्रोग्रॅम. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम, हिशोब करून बघा. दोन्ही औषधं वेगळी आहेत, तेव्हा आकड्याला आकडा लावून तुलना नको, पण अंदाज येईल. शिवाय पंपातलं औषध श्वासनलिकेत जातं, गोळीतलं अंगभर. हाडं, सूज, साखर वाढणं हे दुष्परिणाम मुख्यतः वारंवार घेतलेल्या गोळ्यांचे. आणि गोळ्यांची वेळ का येते? रोजचा पंप टाळला म्हणून. स्टिरॉइडच्या भीतीने पंप सोडणारा माणूस वर्षाकाठी जास्त स्टिरॉइड खाऊन बसतो, हे आम्ही सतत बघतो.

पंपाचे दुष्परिणाम नाहीतच असंही नाही. आवाज बसतो, तोंडात पांढरी बुरशी येते. म्हणून पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरायची आणि ते पाणी थुंकायचं. लहान मुलांची उंची पहिल्या वर्षात सुमारे एक सेंटीमीटरने मागे राहू शकते, पण तो फरक पुढे दरवर्षी वाढत जात नाही. फार मोठी मात्रा वर्षानुवर्षं घेणाऱ्यांची तपासणी वेगळी करतात. सवय लागणं म्हणाल, तर या औषधाची नशा नाही की तलफ नाही. सोडल्यावर त्रास परत येतो तो दमा गेलेला नसतो म्हणून.

नाठाळ
काका गोळ्या घेत होते हे खरं. पण रोज घ्यायचं हे मला अजून पटलेलं नाही. आराम देणारा पंप दोन मिनिटांत मोकळं करतो. दुसरा घेऊन काहीच जाणवत नाही.

पिंपळपान
>> दुसरा घेऊन काहीच जाणवत नाही

अहो, इथेच तर लोक फसतात. मी औषधशास्त्र शिकवतो, थोडं लांबण लावतो, सोसा.

दम्यात श्वासनलिकेला आतून सूज असते, त्या सुजेमुळे ती हुळहुळी होते. मग धूर, गारवा, सर्दी, काहीही लागलं की भोवतीचे स्नायू आवळतात आणि कफ भरतो. आराम देणाऱ्या पंपातलं साल्बुटामोल काय करतं, तर आवळलेले स्नायू सैल करतं. मिनिटांत काम सुरू, असर चार ते सहा तास. सुजेला ते हातही लावत नाही. सूज उतरवतं ते स्टिरॉइड, त्याला काही दिवस ते काही आठवडे लागतात, आणि त्याचं काम झालं की जाणवत काहीच नाही. गळणारं छप्पर तसंच ठेवून खाली बादली लावायची, आणि बादली किती छान म्हणून कौतुक करायचं, असा हा प्रकार.

म्हणूनच ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा, म्हणजे 'जिना', या संस्थेने 2019 साली मोठं वळण घेतलं. बारा वर्षांवरच्या कुणालाही नुसत्या साल्बुटामोलवर ठेवू नये, दमा सौम्य असला तरी प्रत्येकाला स्टिरॉइड असलेला पंप मिळावा, असा सल्ला त्यांनी दिला. पन्नास वर्षांची पद्धत होती ती, साल्बुटामोल 1969 पासून वापरात आहे. वर्षाला 200 फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त डबे संपत असतील तर मोठ्या झटक्याचा धोका वाढतो, आणि बारा किंवा जास्त संपत असतील तर मृत्यूचासुद्धा.

आता नाठाळांसाठी एक चांगली बातमी. फॉर्मोटेरोल नावाचं औषध मिनिटांत काम सुरू करतं आणि त्याचा असर बारा तासांपर्यंत टिकतो. ते आणि स्टिरॉइड एकाच पंपात मिळतं. सौम्य दमा असणाऱ्या काहींना डॉक्टर हाच पंप फक्त लागेल तेव्हा घ्यायला सांगतात. आराम हवा म्हणून घेतलात तरी सोबत सुजेचं औषध पोचतंच. रोज घ्यायचा की लागेल तेव्हा, हे तुमच्या दम्यावर ठरतं. मात्र प्रत्येक जोड-पंप असा चालत नाही, फॉर्मोटेरोलवाला आहे का ते विचारून घ्या.

टवाळखोर
जिना चढताना दम लागतो म्हणून 'जिना'चं वाचायचं. बरं.

नाठाळ
पिंपळपान, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. विचारतो.

कंदील
'निळा पंप', 'तपकिरी पंप' असं बोलतो आपण, ते जरा जपून. रंग कंपनीगणिक आणि देशागणिक बदलतात. डब्यावरचं औषधाचं नाव वाचा.

धावतं_चाक
फुटबॉलवर बोलतो. पॉला रॅडक्लिफला लहानपणापासून दमा. 2003 च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ती 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत धावली, बायकांमधला तो जागतिक विक्रम सोळा वर्षं टिकला. तेव्हा 'दमा म्हणून खेळ बंद' हे डोक्यातून काढा.

पळताना आपण तोंडाने भराभर हवा घेतो, ती कोरडी आणि गार हवा श्वासनलिकेला झोंबते. मला उपयोगी पडलेलं: सुरुवातीला नीट अंग तापवून घेणं, थेट सुसाट सुटायचं नाही. थंडीत नाकातोंडावर पातळ कापड. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आधी पंप. पण मूळ दमा आटोक्यात आला तेव्हा यातलं निम्मं लागेनासंच झालं.

मनीमाऊ
मला एकच विचारायचंय आणि मन घट्ट करून विचारतेय. मांजर काढावं लागेल का?

खारूताई
आयडी बघून उत्तर द्यायचा धीर होत नाही.

श्वासमापक
आधी मांजराचीच ॲलर्जी आहे का हे तपासून घ्या मनीमाऊ. प्रत्येक दमेकऱ्याला मांजर बाधत नाही. असेल तर मात्र पंचाईत आहे, कारण ॲलर्जी केसांची नसून लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनांची असते, आणि मांजर गेल्यावरही ती घरात कित्येक महिने टिकतात. निदान झोपायच्या खोलीत येऊ देऊ नका. पुढचं डॉक्टरांशी बोला.

मनीमाऊ
झोपायच्या खोलीत येऊ देऊ नका, हे तिला कोण सांगणार?

भरती_ओहोटी
घरातल्या बदलांबद्दल. आम्ही हौसेने सगळं केलं. गालिचे काढले, पडदे काढले, हवा शुद्ध करणारं यंत्र आणलं, उशांना खोळी चढवल्या. खरा फरक पडला तो भिंतीतली ओल काढल्यावर. पाइप झिरपत होता आणि कपाटामागे बुरशी धरली होती. बाकीच्याने घर स्वच्छ दिसतं, एवढंच.

पिंपळपान
अनुभवाला पाठबळ आहे. ओल आणि बुरशी काढल्याने दमा सुधारतो. धुळीतल्या किड्यांसाठी चादरी-अभ्रे आठवड्याला 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुणं वगैरे ठीक, पण एखादाच उपाय करून फारसं हाती लागत नाही, आणि ज्याला त्या किड्यांची ॲलर्जीच नाही त्याने जिवाचा आटापिटा का करावा? सगळ्यांना लागू असं एकच: घरात कोणीही विडी-सिगारेट ओढायची नाही. ओढणाऱ्या दमेकऱ्यावर पंपातलं स्टिरॉइडसुद्धा कमी चालतं.

कंदील
आणि लिफ्टमध्ये अर्धी बाटली अत्तर अंगावर ओतून शिरणाऱ्यांचं काय करायचं? उतरून गेले तरी मजला संपेपर्यंत वास आणि माझा खोकला सोबतीला.

टवाळखोर
जिना.

कंदील
उभाच राहा तू.

रानवारा
विषयांतर होतंय, पण वासावरून वादळ आठवलं. 21 नोव्हेंबर 2016 ला मेलबर्नमध्ये गडगडाटी वादळ झालं आणि हजारो माणसं धापा टाकत इस्पितळात पोचली. दहा जण दगावले. गवताचे परागकण वादळात ओले होऊन फुटले, त्यांचे बारीक कण थेट फुप्फुसात खोलवर गेले. कित्येकांना दमा असल्याचं आधी माहीतच नव्हतं, 'शिंका येतात, नाक वाहतं' एवढंच ठाऊक. नाकाच्या ॲलर्जीला किरकोळ समजू नये ते यासाठी.

दोरेवाली
मुलाबद्दल विचारते. तेरा वर्षांचा आहे. शाळेत मित्र 'धुराडं' म्हणतात म्हणून पंप दप्तराच्या तळाशी लपवतो. मध्यंतरी मैदानावर दम लागला, पंप वर्गात, आणि शिक्षकांना माहीतच नाही याला दमा आहे. घरी ओरडून झालं, समजावून झालं.

निवृत्त_मास्तर
दोरेवालीताई, ओरडू नका. इतकी वर्षं वर्गात काढली, त्यावरून सांगतो. क्रीडाशिक्षक आणि वर्गशिक्षक दोघांना लेखी कळवा: काय त्रास होतो, पंप कुठे असतो, किती द्यायचा, कोणाला फोन करायचा. जास्तीचा पंप शाळेत ठेवता येतो का विचारा. मुलाशी बोलताना 'विसरलास' असं न म्हणता 'कुठे ठेवलास तर कुणाला दिसणार नाही आणि हाताशीही राहील?' असं विचारा. तोच खिसा शोधून काढेल. आणि रोजचा पंप घरीच सकाळ-संध्याकाळ, दात घासण्याच्या आधी. म्हणजे चूळही आपोआप भरली जाते आणि मित्रांचा प्रश्नच येत नाही.

दोरेवाली
दात घासण्याच्या आधी! हे आवडलं. आजपासून.

खारूताई
पंप ओढायच्या पद्धतीवर कुणीच बोललं नाही. सासूबाईंचा निम्मा फवारा जिभेवर बसत होता. नर्सने समोर करून दाखवायला सांगितलं तेव्हा कळलं, तोवर सगळे औषधाच्या नावाने खडे फोडत होते.

श्वासमापक
आमच्याकडे मात्रा वाढवायच्या आधी हेच बघतात. फवाऱ्याच्या पंपाचं असं: डबा हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा, सावकाश खोल श्वास घ्यायला लागा आणि त्याच क्षणी दाबा. मग दहा सेकंद श्वास रोखा. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा मिनिट थांबून, पुन्हा हलवून. कोरडी पूड ओढायच्या यंत्राचं बरोबर उलटं, तिथे जोरात आणि झटकन ओढायचं, आणि यंत्रात फुंकर मारायची नाही, पूड ओली होते. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की औषध वाया.

दाबणं आणि ओढणं एकत्र जमत नसेल तर मध्ये स्पेसरची नळी लावा. ती लहान मुलांसाठीच असते हा गैरसमज आहे. बहुतेक झटक्यांत फवारा आणि स्पेसर मिळून नेब्युलायझरइतकंच (औषधाचं धुकं करून देणाऱ्या यंत्राइतकंच) काम करतात. आणि डबा पाण्यात तरंगतो का बघून औषध उरलंय का ठरवू नका. मोजणीचा आकडा असलेला पंप घ्या किंवा फवाऱ्यांचा हिशोब ठेवा.

सांजवेळ
नियमित श्वसनाचे व्यायाम करते आणि मला खूप फायदा झाला. औषधांइतकंच महत्त्व त्याला द्यावं असं वाटतं.

पिंपळपान
फायदा झाला असणारच. त्रास कमी वाटतो, घाबरगुंडी कमी होते, हे अभ्यासांतही दिसलंय. पण फुप्फुसाची क्षमता त्याने सुधारत नाही आणि सूजही उतरत नाही. म्हणून 'इतकंच' या शब्दाला माझी हरकत. सोबत करा, ऐवजी नको.

सांजवेळ
ऐवजी कधीच म्हटलं नव्हतं. पंपही घेते. पण मुद्दा मान्य.

रानवारा
औषधांवरून आणखी एक. ॲस्पिरिन आणि त्या जातीच्या वेदनाशामकांनी काही दमेकऱ्यांना जोरदार झटका येतो. आणि काचबिंदूचे काही थेंब, टिमोलॉलचे, डोळ्यात घालायचे असूनही दमा उसळवू शकतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना आपला दमा सांगावा असं कुणाच्या मनात येत नाही.

खारूताई
सासूबाईंचे थेंब आत्ता उठून बघते.

खारूताई
बघितले. दुसरे आहेत. हुश्श.

भरती_ओहोटी
पीक फ्लो मीटर कोणी वापरतं का? श्वास किती जोरात सुटतो ते मोजणारी फुंकायची नळी. मला ते आकडे लिहिणं म्हणजे गृहपाठ वाटतो.

धावतं_चाक
मी वापरतो. स्वतःचा सर्वोत्तम आकडा आधी काढायचा. त्याच्या 80 टक्क्यांवर असाल तर निवांत, 50 ते 80 मध्ये असाल तर सावध, 50 च्या खाली तातडी. छातीला कळायच्या आधी आकडा घसरतो, विशेषतः सर्दी सुरू होताना. कायम लिहीत बसायची गरज नाही, पण ज्याला आपला त्रास जाणवतच नाही त्याला फार उपयोगी.

श्वासमापक
आणि घसरला तर काय करायचं हे आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. झटक्यात डोकं चालत नाही, घरच्यांचं तर नाहीच. सरळ बसवा, झोपवू नका. आराम देणारा पंप स्पेसरमधून एकेक फवारा, दर फवाऱ्याला चार-पाच श्वास. उतार पडत नसेल तर वाट न बघता रुग्णवाहिका, आणि ती येईपर्यंत कागदावर लिहिल्याप्रमाणे पंप चालू ठेवा. एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर झाले, थकून गुंगी येतेय, तर एक क्षणही घालवू नका. छातीतली शिट्टी अचानक थांबली पण माणूस तसाच धडपडतोय, तर ते बरं होणं नव्हे. हवा आत जाईनाशी झालेली असते.

ब्रिटनमध्ये 2014 साली दम्याच्या 195 मृत्यूंचा तपशिलात अभ्यास छापला गेला. त्यातल्या बऱ्याच जणांवर सौम्य किंवा मध्यम दम्याचेच उपचार चालू होते, आणि जवळजवळ निम्मे वैद्यकीय मदत मिळण्याआधीच गेले.

अर्धविराम
सगळं वाचलं. चार प्रश्न सोडवले. दिवसाचा त्रास: हो. रात्री जाग: हो. पंप दोनपेक्षा जास्त: हो. फुटबॉल धरायचं का म्हणून बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, 'वय तर तुझ्या मित्रांचंही झालंय, ते खेळतात.' म्हणजे चारही.

त्याच डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय. पंपाची पद्धत दाखवायची, फॉर्मोटेरोलवाल्या पंपाचं विचारायचं, आराखडा लिहून घ्यायचा. एक शंका मात्र आहे. समजा तीनेक महिने चारही 'नाही' राहिले, मग बंद करता येतं का?

श्वासमापक
बंद नाही, कमी करता येतं. साधारण तीन महिने आटोक्यात राहिला की डॉक्टर मात्रा एक पायरी उतरवून बघतात. सर्दीच्या दिवसांत किंवा प्रवासाच्या तोंडावर उतरवत नाहीत. स्वतःहून मात्र करू नका.

टवाळखोर
अर्धविराम, गोलरक्षकाची जागा रिकामी ठेवायला सांगू का?

अर्धविराम
मी पुढे खेळायचो! गोलरक्षक तूच हो, बसल्या जागेवरून शेरे मारता येतील.

दोरेवाली
जाता जाता एक. स्पेसर आतून पांढरट झालाय, धुऊन फडक्याने पुसला तर चालेल ना?

श्वासमापक
धुवा, पुसू नका. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब टाकून बुडवायचा आणि तसाच उभा वाळू द्यायचा. पुसलं की प्लॅस्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध आतल्या भिंतीला चिकटून बसतं. साधारण महिन्यातून एकदा पुरे. चिरा पडल्या किंवा झडप नीट हलेनाशी झाली तर नवा घ्या.